हात सैल सोडा

दवाखान्यात माझ्या आधी एका मावशींचा नंबर होता. सिस्टरने त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, "मावशी, हात सैल सोडा."

"सोडलाय की," मावशी म्हणाल्या. मूठ मात्र घट्ट मिटलेली. सिस्टरने त्यांचं एकेक बोट उलगडलं. पट्टा फुगू लागला, तशी बोटं पुन्हा आपोआप मिटली.

"अहो, सोडा ना!"

मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कसा सोडायचा गं?"

मला हसू आलं आणि तिथेच विरलं. लहानपणापासून आम्हाला सगळे धरायलाच सांगत आले. धीर धर, तग धर, जरा दम धर. सोडायचं कसं, हे कुणी हाताला धरून शिकवलं नाही. सकाळी जाग येते तेव्हा माझे दात एकमेकांवर आवळलेले असतात. झोपेतसुद्धा मी काय धरून ठेवते, कोण जाणे.

माझा नंबर आला. मी टेबलावर हात ठेवला.

"सैल सोडा."

"सोडलाय की," मी म्हटलं.

चपला घालता घालता मावशी थबकल्या. माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "नाही हो. तुमचीही मूठ मिटलेलीच आहे."