आठ नंबर, रियाध शाखा

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आठ नंबर हॉस्टेलची रियाध शाखा मी काढली. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की हल्ली बायको ते माझ्याआधी म्हणते. पण तिथल्या कुणालाही विचारा, तो माझ्या ज्युनिअरचं नाव घेईल.

रियाधमधल्या बथाच्या बाजारात मी कोथिंबिरीच्या जुडीवरून हिंदीत हुज्जत घालत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही आठ नंबरचे ना?" वळून पाहिलं तर एक हसरा, गुबगुबीत माणूस. मला काही आठवेना.

"पहिल्या वर्षी मला टेबलावर उभं करून मेसचा मेनू आरतीच्या चालीत म्हणायला लावला होतात," तो आनंदाने म्हणाला. "अजून पाठ आहे, सर."

अशा माणसाचा राग यायला काही कारण नव्हतं. ते मी पुढे सवडीने तयार केलं.

त्याच शुक्रवारी माझ्या घरी दोघांनी खिचडी खाऊन शाखा स्थापन केली. सौदीत मंडळ काढायची सोय नव्हती, पण जेवायला बंदी नव्हती. म्हणून शाखा म्हणजे नुसतं शुक्रवारचं जेवण. नियम मी केले. माणूस आठ नंबरमध्ये निदान दोन वर्षं राहिलेला हवा, आणि त्याने माझ्या तोंडी परीक्षेत पास व्हायला हवं: मेसचा आचारी कुठल्या पायाने लंगडायचा, वगैरे. सहा महिन्यांत मी तिघांना नापास केलं. ज्युनिअरने त्या तिघांना आपल्या घरी जेवायला बोलावलं.

शाखा वाढली ती तिथे. आधी सात नंबरवाले आले, मग दुसऱ्या कॉलेजांतले, आणि एक दिवस सरकारी इस्पितळातला एक डॉक्टरही आला.

"तुम्ही कुठल्या हॉस्टेलचे?" मी त्याला हटकलं.

"कुठल्याच नाही हो. मी घरून डबा न्यायचो."

"मग इथे कसे?"

"भूक लागली म्हणून."

सगळे खो खो हसले. ज्युनिअरने त्याला जास्तीची पोळी वाढली. तेवढ्यात आणखी एक नवा माणूस आला, त्याला कुणीतरी माझी ओळख करून दिली, "हे आमचे सीनियर." आणि ज्युनिअरची? "आपली शाखा म्हणजे हाच." मी आमटी भुरकत बसलो. ती चांगली झाली होती, हे तर आणखीच लागलं.

मग कुवेतचं प्रकरण पेटलं. बहुतेकांनी बायकामुलं भारतात पाठवली. जानेवारीत रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडू लागली आणि घरातली एक खोली विषारी गॅस शिरणार नाही अशी बंद करा, असं सगळीकडे सांगू लागले. एकटं राहण्यापेक्षा सगळ्यांनी एका खोलीत राहायचं ठरलं. कुणाच्या, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळे ज्युनिअरकडे जायला गाद्या बांधू लागले.

मला राहवेना. मी एअर कंडिशनिंगमधला माणूस. दोघातिघांना फोन करून गंभीर आवाजात म्हणालो, "त्याच्या एसीच्या मागे बोटभर फट आहे. गॅस आला तर पहिला तिथून येणार. माझी खोली बघा, हवा हलायची नाही." त्याच्या एसीच्या मागे मी कधी डोकावलोही नव्हतो. पण आठ नंबरमध्ये सीनियर बोलला की ते खरं, आणि कानावर येताच ज्युनिअरनेच उरलेल्यांना फोन केले: "सर म्हणतात म्हणजे असेल. सगळे सरांकडे चला. तांदूळ, पाणी माझ्याकडे आहे, मी घेऊन येतो."

संध्याकाळी माझ्या खोलीत सोळा माणसं! मी खिडक्यांना पट्ट्या मारल्या, एसी प्लास्टिकने मढवला, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. संस्थापकाला शोभेल असं सगळं केलं. मगरिबची नमाज होऊन थोडा वेळ झाला होता, तोच हल्ल्याचा भोंगा वाजला. मी दाराला पट्टी मारली, सगळ्यांनी कंपनीने वाटलेले गॅसचे मुखवटे चढवले.

"तो कुठंय?" कुणीतरी विचारलं.

तो वाटेवर होता. दहा मिनिटांचा रस्ता, आणि वर आकाशात काय चाललंय कुणाला ठाऊक. सोळाही माणसं त्याचंच बोलायला लागली. मी बाहेर राहिलो असतो तर एवढ्या जणांनी विचारलं असतं का, हा विचार त्याही क्षणी माझ्या मनात आला. लाज वाटते, पण आला.

"परत घरी गेला असेल," एकजण म्हणाला.

"घरी? अरे, तिथे ती फट आहे ना!" डॉक्टर उठला आणि दाराची पट्टी ओरबाडू लागला. "मी त्याला घेऊन येतो."

त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे उठले. मी मुखवट्यातून ओरडलो, "थांबा! तिथे फट नाहीये!"

"काय?"

"फट नाहीये!"

"नीट बोला हो!"

शेवटी मी मुखवटा काढून हातात घेतला आणि म्हणालो, "फट नाही. मी खोटं बोललो. तो घरी असेल तर आपल्यापेक्षा सुखात आहे."

सोळा मुखवटे माझ्याकडे वळले. आत चेहरे कसे होते ते दिसलं नाही, ही देवाची कृपा.

भोंगा थांबल्यावर दार वाजलं. ज्युनिअर पाण्याचे कॅन आणि तांदळाची पिशवी घेऊन उभा. खालच्या जिन्यात पिशवीला मिठी मारून बसला होता. डॉक्टरने दारातच त्याला सगळं सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "सर बोलले तेव्हाच मी एसी ओढून पाहिला."

"मग बोलला का नाहीस, लेका?" मीच ओरडलो.

"तुम्हाला सगळे तुमच्याकडे हवे होते ना, सर. मग म्हटलं, येऊ दे."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाद्या त्याच्या घरी गेल्या. सगळे त्या गुंडाळून चालू पडले. सर्वांत शेवटी मी गेलो. जागा उरली होती ती दारालगत, येणाराजाणारा पाय देईल अशी. मी मुकाट्याने गादी पसरली.

"सर दारात नकोत," ज्युनिअर म्हणाला आणि आपली आतली जागा सोडून तिथे येऊन झोपला.

"बघा, काय माणूस आहे!" डॉक्टर म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी त्याच्या उबदार जागेवर भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. इतका जळलो की थंडी वाजली नाही.