खोलीत माणसं राहतात

आमची घाटकोपरची चाळ पागडीची. थोरले शेठ, म्हणजे जुने मालक, दिवाळीला पेढे घेऊन यायचे. त्यांचा मुलगा बिल्डर घेऊन आला. हा नवा शेठ माणूस मात्र सभ्य. आधी जिन्यातला दिवा गेला, मग पाण्याची टाकी दुरुस्तीला निघाली, मग संडासाच्या वाटेवर रेतीचा ढीग पडला. प्रत्येक वेळी फळ्यावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी सुवाच्य नोटीस. एवढी क्षमा आमची आयुष्यात कुणी मागितली नव्हती.

तरी कुणी खोली सोडेना. शेवटी त्यांना वाट दाखवली ती आम्हीच.

गणपतीला आख्खी चाळ कोकणात जाते. एसटीची एक गाडी ठरवायची, तिला हार घालायचा आणि सगळ्यांनी एकाच सकाळी कुलपं लावून निघायचं, ही आमची शिस्त. त्या वर्षी शेठच्या माणसानं बॅगा चढवायलासुद्धा मदत केली. आम्ही त्याला आतून हात हलवले. गाडी वळल्यावर तो वर गेला आणि त्यानं प्रत्येक दाराच्या कुलपाचा फोटो काढला. शिमग्याला परत काढले, मे महिन्यात परत. मग कोर्टाचे कागद आले: खोल्या बंद असतात, भाडेकरूंना त्यांची गरज नाही.

वकील म्हणाले, सहा महिने सलग बंद दाखवता आलं तर खोली हातची जाईल. यापुढे दाराला कुलूप दिसता कामा नये.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी बायकामुलांसह बदलापूरला, कारण त्या दहा बाय बारात आम्ही मावत नव्हतो. म्हणजे खोलीत खरोखर राहणारी एकटी आई. पुढच्या गणपतीला ती थांबली आणि गावी मी गेलो. लग्न झाल्यापासून तिनं गावचा गणपती चुकवला नव्हता. मला फार वाईट वाटलं. थांबायची पाळी आपल्यावर आली नाही म्हणून बरंही वाटलं, तेही सांगून टाकतो.

गौरी विसर्जन करून परतलो तर गॅलरीतली दोरी गच्च भरलेली. मुलांचे जुने फ्रॉक, माझी कॉलेजातली पँट, आणि मधोमध बाबांचे दोन शर्ट, ओले. शेजारणीनं सांगितलं, मी गेल्यापासून आई रोज पेटीतले कपडे काढते, धुते, वाळत घालते. शेठचा माणूस खालून फोटो काढतच होता. एकदा त्यानं विचारलंही, “काकी, घरात किती जण राहतात?”

आई म्हणाली, “कपडे मोज.”

मला आधी हसू आलं. मग त्यातल्या एका शर्टाकडे बघवेना. निळ्या रेघांचा तो शर्ट बाबांनी दोन लग्नांना घातला असेल, एरवी ‘चांगला आहे’ म्हणून ठेवून दिलेला.

मी म्हटलं, “आई, बाबांचे तरी नको गं.”

ती घड्या घालत होती. “भाड्याची पावती अजून तेंच्याच नावार आसा,” ती म्हणाली. “माझ्या नावार कर म्हणान किती वेळा सांगलंय, शेठ करूक नाय. मगे ते नाय, ह्या मी कित्याक आधी सांगू?”

 मी चहा प्यालो, प्रसादाचे लाडू काढून ठेवले आणि बदलापूरला जायला उठलो. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात होती.

आईनं बाबांचा तो शर्ट दोरीवरून काढून उजेडात धरला. पेटीत जीर्ण झालेलं कापड; नुसत्या रोजच्या धुण्यानं कॉलर विरली होती.

“जाताना तुझो एक शर्ट ठेवन जा,” ती म्हणाली. “ह्यो आता टिकूचो नाय.”

बॅगेतले सगळे मळलेले होते. मी अंगातलाच काढून दिला. तिनं तो तिथंच बादलीत बुडवला.