दुसरा विचार

बोलता बोलता बाई मध्येच थांबायच्या. ओठांवर आलेलं वाक्य गिळायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि मग वेगळंच काही बोलायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांना आता विसरायला होतं. मीही तेच समजले होते.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आचऱ्याला मी शिक्षिका म्हणून लागले आणि बाईंच्याच घरात खोली मिळाली. त्या माझ्याच शाळेत, निवृत्तीला टेकलेल्या. लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची विधवा भाची.

एकदा मी त्या थांबण्याबद्दल विचारलंच. हसून म्हणाल्या, "पहिला विचार माझ्या आजीचा असतो. तो न बोलावता येतो. दुसरा माझा. त्याला यायला जरा वेळ लागतो."

शाळेची गॅसबत्ती हरवली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, शिपायाचं. तो प्यायचा. बाई म्हणाल्या, "माझ्याही मनात तोच आला. विचार न करता आला, म्हणून आज त्याला कुणी काही विचारायचं नाही." दोन दिवसांनी बत्ती देवळात सापडली. हेडमास्तरांनीच ती भजनाला दिली होती आणि साफ विसरले होते. बाई त्यांनाही काही बोलल्या नाहीत, फक्त पदर बोटाला जरा जास्त वेळ गुंडाळत राहिल्या.

सकाळी शेवंती मासे घेऊन यायची. गावात तिच्याकडून मासे घेत, पण पायरीवरूनच. बाईंनी तिला पहिल्यांदा आत बोलावलं, तेव्हा मी तिथेच होते. चहासाठी बाईंचा हात आधी फळीच्या कोपऱ्यातल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपाकडे गेला. तिथे अडला. मग परत येऊन त्यांनी घरातला कप उचलला. त्या दिवसापासून शेवंती रोज आत बसून चहा प्यायची. मासे महाग लावले म्हणून बाई तिच्याशी भांडायच्याही, अगदी मनापासून.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण ते थांबणं गेलं. मनात येईल ते तोंडातून बाहेर पडायचं.

शेवंती नारळपाणी घेऊन आली. नेहमीसारखी आत आली, खाटेजवळ वाकली. बाई किंचाळल्या, "भायर रव गो! माका शिवू नको!"

भाची रडायला लागली. शेवंतीने तांब्या खाली ठेवला आणि गुपचूप पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले.

"मनावर घेऊ नकोस, शेवंती. त्या आजारी आहेत."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "पयल्या दिवशी कपाकडे जाताना बायचो हात अडाकलेलो, तो मी बघलंय. एवढी वर्सां ती रोज आपल्याच मनाशी झगाडली, माझ्यासाठी. आता दमली ती."

त्यानंतरही ती रोज यायची. बाई जाग्या असेपर्यंत पायरीवर बसायची. डोळा लागला की आत येऊन त्यांची कूस बदलायची, पाठीला खोबरेल लावायची, केस विंचरायची. बाईंची चाहूल लागली की पुन्हा बाहेर. बाईंना हे कधी कळलं नाही.

त्या गेल्या, त्या सकाळी अंगणात माणसं जमली होती. शेवंती सगळ्यांच्या मागे, माडाला टेकून उभी होती. आत बायका बाईंना आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. भाची दारात आली. म्हणाली, "शेवंती, आत ये. पयलो तांब्यो तूच घाल."

शेवंती दारापर्यंत आली. आत पाऊल टाकण्याआधी थबकली, मान पुढे काढून तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. झोप लागली आहे ना, एवढंच बघत होती.