टीव्हीवरचं लग्न

भावाच्या मुलीचं लग्न नागपूरला आणि इकडे बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं. घरचे सगळे आदल्या दिवशीच गेले, बाबांजवळ मी राहिले. लग्न मोबाईलवर थेट दिसणार होतं, पण मोबाईलवर बाबांना माणसं मुंग्यांएवढी दिसतात. "मले नात मोठी दिसली पाह्यजे," एवढंच त्यांचं मागणं.

म्हणून नांदुऱ्याच्या दुकानातून टीव्हीला लावायची स्टिक आणली. दुकानदाराने विचारलं, "टीव्हीच्या मागं एचडीएमआयचं छिद्र आहे ना?" आहे, असं मी म्हणाले खरं, पण घरी येईपर्यंत एसटीत जीव टांगणीला लागला होता. छिद्र निघालं, पण एकच, आणि त्यात सेट टॉप बॉक्सची वायर. ती उपटली. मग स्टिकने आधी वायफाय मागितलं, मग ईमेल, मग पासवर्ड, मग अपडेट. एवढ्या चौकशा तर पोरगी पाहायला आलेले लोकही करत नाहीत. घरात वायफाय नव्हतंच, माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळा कारभार. आणि आमच्या गावात मोबाईलवर फोन आला, की नेट गेलंच.

हे मी सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं. पण "लागलं काय लगन?" असं फोन करून विचारल्याशिवाय आमच्या लोकांना घास उतरत नाही. मावशीचा फोन आला, चित्र थांबलं. मामाचा आला, पुन्हा थांबलं. मी चिडून फोन कापत होते. बाबा उशीला टेकून, चष्मा पुसून पुसून बघत होते. व्हिडिओवाला अजून खुर्च्या आणि पाहुणेच दाखवत होता.

शेवटी माईकवरून वधूला बोलावलं. आमच्या बौद्ध लग्नात वधू पांढऱ्या साडीतच येते. दाराशी गर्दी हलली आणि फोन वाजला. पडद्यावर नुसतं गोल फिरायला लागलं. फोन भावाचा होता. मी कापला, त्याने पुन्हा लावला. मला रडूच यायचं बाकी होतं. परत कापणार, तर बाबा म्हणाले, "उचल ना माय. बापाचं काळीज हाये ते."

मी स्पीकर लावला. त्याच्या मागे 'बुद्धं सरणं गच्छामि', त्रिशरण सुरू झालं होतं.

"बाबाले दिसून राह्यलं ना?" भावाने विचारलं.

बाबांनी त्या फिरत्या गोलाकडे पाहिलं. "हाव रे, सारं दिसून राह्यलं," ते म्हणाले. "पांढऱ्या साडीत लय साजरी दिसते पोरगी. ठेव आता फोन, तिच्यापाशी जाय."