माझ्या ब्लॉगवरचा धबधबा

आधी कबूल करा, हसणार नाही. मग सांगतो. होणाऱ्या व्याह्यांपुढं माझी जी शोभा झाली ना, ती मी स्वतःच, अगदी गणित मांडून करून घेतली!

मी पाटबंधाऱ्यातला रिटायर्ड इंजिनिअर. नांदेडला राहतो आणि 'पाण्याचं गणित' नावाचा ब्लॉग लिहितो. पाऊस कुठं झाला, नदीला पाणी कधी येणार, सगळं त्यात. शेजारी सलीम राहतो, एका छोट्या दैनिकाचा बातमीदार. त्याच्या पाण्याच्या बातम्या वाचून मला ठसका लागायचा. शिकला पत्रकारिता आणि लिहितो पाण्यावर!

मुलीची सोयरीक लातूरला ठरली होती. व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडं येणार होते. व्याही फोनवर म्हणाले, "सहस्रकुंडचा धबधबा बघायची लई हौस हाय. पण पाणी हाय का?"

हे मला विचारायचं? मी वरच्या भागातला पाऊस पाहिला, नदीचा उतार धरला आणि ब्लॉगवर ठोकून दिलं: रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सहस्रकुंडला पुराचं पाणी पोचणार! वीस मिनिटं! एवढी पक्की वेळ एसटीसुद्धा सांगत नाही.

शनिवारी दुपारी सलीम दारात हजर.

"साहेब, पाणी न्हाई तिथं. वरच्या बंधाऱ्याची दारं लावलेली हायत. मी भजेवाल्याला फोन करून इचारलं."

"भजेवाल्याला?"

"हाव. तो रोज तिथंच असतो ना."

"सलीम, मी जन्मभर नद्या मोजल्या. आता भजेवाला मला पाणी शिकवणार?"

तो हसला. "बरं, मी बातमी देऊन राहिलो. तुमची बाजू लिहू का?"

"लिही! म्हणावं, गणित चुकत नसतं!"

रविवारी पाहुण्यांना जीपमध्ये घालून निघालो. बरोबर अकरा वीसला कठड्यापाशी उभे. समोर काळा खडक. नुसता खडक! एका डबक्यात म्हैस बसली होती, ती तेवढी ओली.

विहीणबाई एकदा खडकाकडं बघायच्या, एकदा माझ्या घड्याळाकडं.

"येईल, येईल," मी म्हणालो. "पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं."

बारा वाजले. व्याही म्हणाले, "पाणी राहू द्या. भजे तरी खाऊ."

पण भज्यांचा गाडाच जागेवर नाही! भजेवाला वर एका उंच दगडावर रिकाम्या हातानं बसलेला.

"काय मामा, गाडा कुठंय?"

"इस्लापूरला नेऊन ठिवला. पूर येऊन राहिला ना!"

"अहो, पण बंधाऱ्याची दारं लावलीत, असं सलीमला तुम्हीच सांगितलं ना?"

"हाव, लावलेलीच हायत. पण मागनं पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. कुण्या इंजिनिअरसायबानं येळ देऊन लिवलंय. म्हनलं, त्यांना काई तरी जास्त ठावं असंल!"

म्हणजे बघा! सलीमनं विश्वास ठेवला भजेवाल्यावर, आणि भजेवाल्यानं माझ्यावर!

शेवटी बायकोनं बांधून आणलेले धपाटे सोडले. ते बांधले होते त्याच सकाळच्या पेपरात. तेलाचे डाग पडलेली बातमी व्याह्यांनी मोठ्यानं वाचली. 'सहस्रकुंड कोरडेच.' खाली माझी बाजूही छापली होती, 'गणित चुकत नसते.' बायकोनं पदर तोंडाला लावला. मला तर त्या म्हशीशेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

पण व्याही मोठ्या मनाचे हो. एका शब्दानं बोलले नाहीत, हसत हसत लातूरला गेले. जाताना सलीमचा नंबर तेवढा मागून घेतला.

पुढच्या महिन्यात मुहूर्त काढला आणि मी लग्नाची तारीख व्याह्यांना कळवली. तासाभरात सलीम दारात.

"साहेब, लातूरहून फोन होता. तारीख पक्की हाय का म्हणून इचारून राहिले."

"तुला? अरे, मुलीचा बाप मी! मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं थांबा, भाभीला इचारून सांगतो."