उन्हात मांडलेली पुस्तकं

पोशीरला आमच्या शेजारचे काका भात पिकवतात आणि जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या नव्याने छापलेल्या, जाड पुठ्ठ्याच्या आवृत्त्या जमवतात. ती पुस्तकं भाताच्या कणगीत, कडुलिंबाच्या पाल्यात असतात. वाचताना ते मधूनच मान वर करून आभाळ बघतात, कुणाची वाट बघावी तसे. कापणीनंतर अंगणात भात वाळत घालतात तेव्हा शेजारी तीही मांडतात, चित्र वर करून. यंदा त्या उन्हाने मुखपृष्ठावरच्या उडत्या वीराचं लाल उपरणं पार गुलाबी झालं. मी हळहळलो, सावलीत ठेवा म्हणालो. काका पुस्तकावरचं कुसळ फुंकत राहिले.

"येवढी वरसं आभाळात हाय त्यो," ते म्हणाले, "ऊन लागनारच ना रं."