आमची मुलगी माउंटन सेफ्टीत असते

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत कुणाकडेही जेवायला गेलं की पानात वरण पडायच्या आत प्रश्न येतो, "मुलं काय करतात?" विचारणाऱ्याला उत्तरात रस नसतो. त्याला स्वतःच्या मुलाचं सांगायचं असतं, आणि तेवढी सभ्यता पाळायची म्हणून तो आधी आपल्याला विचारतो. माझं उत्तर पाठ होतं. "मुलगी टाहोला असते. माउंटन सेफ्टीमध्ये."

"अय्या, म्हणजे सेन्सर्स वगैरे?" अध्यक्षांच्या बायकोने एकदा विचारलं.

"तसंच काहीसं," असं म्हणून मी कोशिंबीर त्यांच्यापुढे सरकवली.

अध्यक्ष म्हणजे आमच्या ग्रुपचे म्होरके. मंडळाचं अध्यक्षपद सुटून त्यांना चार वर्षं झाली, पण ते अजून कुणाच्याही घरात शिरले की आधी खुर्च्या नीट लावतात. आम्ही मिनेसोटाहून इकडे राहायला आलो तेव्हा त्यांनीच आम्हाला ग्रुपमध्ये घेतलं, हे ते विसरलेले नाहीत आणि आम्हालाही विसरू देत नाहीत.

खरी गोष्ट अशी की आमच्या मुलीने बायोमेडिकल इंजिनिअरिंग केलं, मिनिॲपोलिसला तीन वर्षं चांगली नोकरी केली, आणि एक दिवस ती सोडून टाहोजवळच्या एका छोट्या स्की रिसॉर्टमध्ये कामाला लागली. रिसॉर्टच्या दुकानात स्की भाड्याने मिळतात. लोक बाकावर बसतात, ही त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसते आणि त्यांच्या पायात बूट चढवते. थंडी संपल्यावर काय करणार, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "बघू." त्या अख्ख्या फोनमध्ये मराठी शब्द तेवढा एकच होता.

आमच्या घरापासून ती चार तासांवर राहत होती आणि आमची चार महिन्यांत भेट नव्हती. मी रागावले आहे असं मी नवऱ्याला सांगायचे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. राग चारचौघांत सांगता येतो, लाज सांगता येत नाही.

मग फेब्रुवारीत अध्यक्षांनी ग्रुपची स्की ट्रिप जाहीर केली, आणि जागा नेमकी तीच. मी चपापले. नवरा शांतपणे म्हणाला, "माझा गुडघा दुखतोय, मी येत नाही. तू खोटं बोललीस, तूच निस्तर." तो दर रविवारी मुलीशी तासभर बोलायचा आणि बर्फाचे प्रकार शिकायचा. मीही आजारी पडू शकले असते. पण मला तिला बघायचं होतं. तिने मात्र मला ओळख दाखवू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

मी तिला फोन केला. "तू त्या शनिवारी सुट्टी घे ना."

"आई, प्रेसिडेंट्स वीकेंड आहे, लाँग वीकेंड. नोबडी गेट्स ऑफ."

"मग मागच्या बाजूचं काहीतरी काम घे."

ती म्हणाली, "आय फिट बूट्स, आई. देअर इज नो मागची बाजू."

मराठी माणसांची स्की ट्रिप ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिच्यात स्की सोडून सगळं असतं. चार गाड्या निघतात, आणि त्यांत कपड्यांपेक्षा चकल्या जास्त असतात. जॅकेटं नवी कोरी असतात, पण त्यांची लेबलं बाहीच्या आत ढकललेली असतात, कारण ती मंगळवारी दुकानात परत जायची असतात. घाटात बर्फ लागला की टायरांना साखळ्या लावायला दोन सॉफ्टवेअर आर्किटेक्ट खाली उतरतात आणि तिसरा त्यांना फोनवरचा व्हिडिओ धरून दाखवतो. पाऊण तासाने एक आजोबा स्वतःची गाडी थांबवून, काही न बोलता, दहा मिनिटांत त्या लावून देतात. मग केबिन. पहिल्या संध्याकाळी पावभाजी झालीच पाहिजे, कांदा परतताना धुराचा अलार्म वाजलाच पाहिजे, आणि त्याच्याखाली उभं राहून कुणीतरी टॉवेल फिरवलाच पाहिजे.

पावभाजी झाल्यावर अध्यक्ष लॅपटॉप घेऊन हॉलच्या मधोमध बसले. स्की भाड्याने घ्यायच्या म्हणजे फॉर्म भरावा लागतो, आणि सगळ्यांचे फॉर्म एकदमच भरून टाकायचे असं त्यांनी ठरवलं होतं. उंची, वय, बुटाचं माप, वजन. आणि शेवटी तुम्ही कोणत्या टाइपचे: टाइप वन म्हणजे नवशिके, टू म्हणजे बरे, थ्री म्हणजे तरबेज.

हा फॉर्म कशासाठी असतो ते मला आता नीट माहीत आहे. बूट स्कीला एका चापाने अडकवलेला असतो. माणूस पडला की तो चाप सुटला पाहिजे, नाहीतर स्की एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे जातो. हलका, नवशिका माणूस असेल तर चाप सैल ठेवतात, लगेच सुटावा म्हणून. जड आणि तरबेज असेल तर घट्ट करतात. थोडक्यात, तुमचा पाय शाबूत राहणं तुम्ही खरं बोलण्यावर अवलंबून असतं. अशा कामासाठी आमच्या ग्रुपइतकी नालायक माणसं शोधून सापडणार नाहीत.

"वहिनी, वजन?" अध्यक्षांनी अकरा माणसांसमोर मला विचारलं.

मी वीस पाउंड कमी सांगितले. माझ्या आधीच्या तिघींनीही आपापल्या लग्नातली वजनं सांगितली होती. पुरुषांनी वजनं खरी सांगितली, कारण त्यांना त्याचं काही नसतंच, पण टाइप विचारल्यावर एकेक जण खुर्चीत ताठ बसला. "थ्री टाका," असं तिघे म्हणाले. अध्यक्षांनी स्वतःपुढे थ्री टाकून वर समजावलं, "वीस वर्षं येतोय मी टाहोला." ते वीस वर्षं येतात हे खरं आहे. पण त्यांतला बहुतेक काळ ते लॉजमध्ये शेकोटीपाशी बसून दुसऱ्यांच्या मुलांना चुका सांगतात.

सकाळी दुकानात ही गर्दी. ओल्या मोज्यांचा वास, लहान मुलांचं रडणं, आणि बाकांच्या रांगेच्या टोकाला माझी मुलगी. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, उन्हाने नाक सोललेलं. मी सोडून आमच्यातल्या कुणी तिला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी तिचा एकच फोटो पाहिला होता, पदवीदानाचा, झगा आणि मोकळे केस. ती बारीक झाली होती. पण हात भराभर चालत होते, आणि शेजारी काम करणाऱ्या मुलाशी बोलता बोलता ती हसली तेव्हा मला आठवलं की मिनिॲपोलिसच्या नोकरीत असताना मी तिला हसताना फारसं पाहिलंच नव्हतं.

तिने मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सांगितलं होतं तसंच वागत होती. मला हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

अध्यक्षांचा नंबर आला. ते बाकावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केला. तिने गुडघ्यावर बसून त्यांचा पाय बुटात घातला, बकलं आवळली, फॉर्म पाहिला.

"टाइप थ्री, सर? आर यू शुअर?"

"यंग लेडी, ट्वेंटी इयर्स."

"इट मीन्स द स्की वोन्ट लेट गो ईझिली. वुई कॅन डू वन. नोबडी विल नो."

"थ्री," अध्यक्ष म्हणाले. तिने सहीची जागा दाखवली, त्यांनी ऐटीत सही केली. मग बायकोकडे वळून, त्या पोरीच्या डोक्यावरून, मराठीत म्हणाले, "आपल्याकडचीच दिसते गं. चांगल्या घरातली वाटते. आणि इथे येऊन लोकांच्या पायात बूट घालतेय. आईबापांना काय वाटत असेल!"

आपण जातपात तिकडेच ठेवून आलो, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून मंडळाच्या भाषणात तीनदा ऐकलंय. पण त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार होता? हेच मी चार महिने घरात बसून मनात म्हणत होते, फक्त मोठ्याने म्हटलं नव्हतं.

तिला मराठी सगळं कळतं. तिने बकल आणखी एक घर आवळलं आणि उठली. तेवढ्यात अध्यक्षांचं लक्ष तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. रिसॉर्टवाले बिल्ल्यावर नावाखाली माणसाचं गावही लिहितात. नाव तिने अमेरिकन जिभेला झेपेल इतपत छाटलं होतं, पण गाव पूर्ण होतं.

"ईडन प्रेरी, मिनेसोटा! अहो वहिनी, तुमच्या गावची निघाली की ही! ओळखता का?"

ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती.

"नाही हो," मी म्हणाले. "मोठं गाव आहे ते."

मग माझा नंबर आला. ती खाली बसली. मी तिच्या पायात शाळेचे बूट घातले ते किती सकाळी आणि किती घाईत, त्याचा हिशोब नाही, पण तिने माझ्या पायाला या कारणाने हात लावायची ती पहिलीच वेळ होती. मोज्याला पडलेली सुरकुती तिने अंगठ्याने सरळ केली, कारण तशीच राहिली तर दिवसभर टोचते. "टू टाइट, मॅम?" तिने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. फॉर्मवरचं वजन तिने वाचलं. आकडा खोडला, वर खरा लिहिला, पाउंडापर्यंत बरोबर, आणि पेन माझ्या हातात दिलं. "इनिशियल्स हिअर." मी आद्याक्षरं लिहिली.

पुढचा तासभर मी चार-चार वर्षांच्या पोरांबरोबर सरकत्या पट्ट्यावर उभी राहून छोटासा उतार चढत होते. इथे थांबण्यासाठी पाय पिझ्झाच्या तुकड्यासारखे, पुढे टोकं जुळवून, करायचे आणि पुढे जाण्यासाठी फ्रेंच फ्राइजसारखे सरळ, असं शिकवतात. या देशात डोंगर उतरायचा तरी खाण्याचं आमिष लागतं. माझा पिझ्झा होईना. मी आडवी झाले, चाप खट्कन सुटला, स्की बाजूला पडली, आणि मी बर्फात बसून रडले. पाय अजिबात दुखत नव्हता.

अध्यक्ष त्याच उतारावर पडले. वेगात नव्हे. फोटोसाठी उभे असताना तोल गेला आणि ते सावकाश, गोल फिरत खाली बसले, पण चाप काही सुटला नाही. गुडघ्यातून कळ आली. नंतर डॉक्टरांनी नुसतं मुरगळल्याचं सांगितलं, पण त्या वेळी ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, लालबुंद होऊन सरळ त्या दुकानात शिरले. त्यांच्या मागून सगळा ग्रुप गेला आणि सगळ्यात मागून मी.

"दॅट गर्ल!" त्यांनी बोट दाखवलं. "शी सेट इट राँग. आय वॉन्ट द मॅनेजर." आणि आमच्याकडे वळून, "हिची नोकरीच घालवतो. बुटाला हात लावायची अक्कल नाही आणि निघालेत स्की लावायला!"

मॅनेजर आतून आली. मुलगी एका लहान मुलीच्या बुटाशी खाली बसली होती, ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता माझी पाळी आहे. तिने दोनदा विचारलं, मी ऐकलं, हे सांगायला हवं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, तुम्ही कोण. मी तोंड मिटलं.

तेवढ्या वेळात मॅनेजरने खणातून अध्यक्षांचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला होता. थ्रीभोवती गोल, कडेला मुलीच्या अक्षरात "गिऱ्हाइकाला टाइप वन सुचवला, नकार" अशी इंग्रजी नोंद, खाली अध्यक्षांची ऐटदार सही. प्रकरण अर्ध्या मिनिटात संपलं. अध्यक्ष सहीकडे बघत राहिले. तिला माझी गरज लागलीच नाही.

आता कशाचीच जोखीम उरली नव्हती, आणि नेमकी तेव्हाच मला हिंमत आली. मी पुढे झाले. सगळा ग्रुप ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ही माझी मुलगी आहे. सेन्सर्स वगैरे काही नाही. ती इथेच काम करते, बूट घालते, आणि मघाशी मी हिला ओळखत नाही म्हणाले."

अध्यक्षांची बायको माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता मुलगी धावत येईल, मिठी मारेल, निदान रागाने दोन शब्द तरी बोलेल. मी हात थोडे पुढेही केले होते.

तिने माझ्यामागे दारापर्यंत गेलेली रांग पाहिली. मग मराठीत, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "आई, बाजूला हो ना. लोक थांबलेत." आणि त्या लहान मुलीसमोर परत गुडघ्यावर बसली.

मी बाजूला झाले.